पहिल्या पाळीचा इतिहास : शिकून बाहेर पडलेल्या परिचारिकेचे पुढे काय होते?

#धागा #इतिहास #परिचर्या

१/ ५ मार्च १८६८. 'डनबार कॅसल' हे जहाज तीन महिन्यांचा प्रवास करून सिडनीच्या बंदराला लागले. त्यातून सहा इंग्रज स्त्रिया उतरल्या. पाच परिचारिका आणि त्यांची प्रमुख ल्युसी ऑसबर्न. न्यू साउथ वेल्सचे वसाहत सचिव हेन्री पार्क्स यांनी फ्लोरेन्स नाइटिंगेलकडे शिकलेल्या परिचारिकांची मागणी केली होती; ती या सहाजणींच्या रूपाने पुरी झाली.

२/ ऑसबर्न एकतीस वर्षांची होती. वडील विल्यम ऑसबर्न हे इजिप्तच्या प्राचीन विद्येचे अभ्यासक. मुलीने रुग्णालयात काम करावे हे त्यांना मुळीच पसंत नव्हते. तिचे प्रशिक्षण झाले होते सुमारे वर्षभराचे, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात. त्या शिदोरीवर तिला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरचे एक अख्खे रुग्णालय चालवायचे होते.

३/ उतरून आठवडा होतो न होतो तोच, १२ मार्चला, क्लॉन्टार्फ येथील वनभोजनात व्हिक्टोरिया राणीचा दुसरा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड याच्यावर हेन्री ओफॅरेल याने पाठीमागून गोळी झाडली. राजपुत्र वाचला. त्याच्या शुश्रूषेला या नव्या परिचारिका लागल्या. सामान धड उघडलेले नाही, गावाची ओळख नाही आणि समोरचा पहिला मोठा रुग्ण राणीचा मुलगा!

४/ ही कथा शौर्यकथा म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. या धाग्यात ती वेगळ्या कारणासाठी घेतली आहे. राजपुत्र बरा होऊन मायदेशी गेला. त्यानंतरच्या वर्षांत त्या सहाजणींच्या पाठीशी कोण होते? शिक्षण संपलेल्या आणि काम नुकतेच सुरू झालेल्या परिचारिकेला हात देण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आधुनिक परिचर्येइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर दर पिढीला नव्याने शोधावे लागले, याचेच मला नवल वाटते.

५/ आधी थोडे मागे जाऊ. क्रिमियन युद्धानंतर कृतज्ञ इंग्रज जनतेने 'नाइटिंगेल फंड' उभारला. सुमारे चव्वेचाळीस हजार पौंड जमले. त्यातून १८६० साली सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षण शाळा निघाली. शिकाऊ परिचारिकेला 'प्रोबेशनर' म्हणत. तिला राहणे, जेवण, चहा-साखर, गणवेश, कपड्यांची धुलाई आणि वर्षाचे दहा पौंड मिळत.

६/ वर्ष भरले की तिचे नाव नोंदवहीत चढे. पण करार तिथे संपत नसे. पुढची काही वर्षे फंड सांगेल त्या रुग्णालयात नोकरी करण्यास ती बांधलेली असे. आजच्या भाषेत सांगायचे तर बॉण्ड! हा शब्द ध्यानात ठेवा, धाग्याच्या उत्तरार्धात तो पुन्हा भेटेल.

७/ शिकाऊंची दरमहा पारख होई. मेट्रन सारा वॉर्ड्रोपर एक छापील तक्ता भरत. त्यात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप, वॉर्डाची व्यवस्था असे वर्तनाचे रकाने आणि मलमपट्टी, जळवा लावणे, असहाय रुग्णाला हलवणे अशा कौशल्यांचे रकाने असत. कागदावर ही पद्धत त्या काळाच्या फार पुढची होती.

८/ वॉर्डात मात्र वेगळेच चाले. मोनिका बॅली या इतिहासकार स्त्रीने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फंडाची कागदपत्रे उलगडून दाखवली, आणि शाळेभोवतीचे बरेचसे तेजोवलय उतरले. शिकाऊ मुली बहुतांश वेळ वॉर्डातले जादा हात म्हणून राबत. शिकवणे हे कोणा एकाचे काम नव्हते, म्हणून ते कोणाचेच नव्हते. शिवाय या परिचारिकांना बाहेरून इतकी मागणी होती की, वर्षभराच्या अनुभवावर एखादी थेट दुसऱ्या गावची मेट्रन होऊन जाई.

९/ म्हणजे 'नवशिकी' आणि 'प्रमुख' यांच्यामध्ये एक पायरीही नव्हती. ऑसबर्नचे तेच झाले.

१०/ आणि तिच्या आधी अ‍ॅग्नेस जोन्सचे. लिव्हरपूलच्या ब्राउनलो हिल येथे निराधारांच्या आश्रमाला जोडलेले बाराशेच्या आसपास रुग्णांचे रुग्णालय होते. तिथल्या रुग्णांची 'सेवा' आश्रमातलेच निराधार करीत. त्यांपैकी कित्येक दारूच्या आहारी गेलेले. दानशूर व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी खर्च उचलला आणि १८६५ साली जोन्स बारा नाइटिंगेल परिचारिका घेऊन तिथे गेली.

११/ तिचा दिवस पहाटे सुरू होई आणि रात्री उशिरा संपे. आश्रमाच्या गव्हर्नरशी रोजचे खटके उडत. सल्ला घ्यायचा तर लंडनला पत्र पाठवायचे. तीन वर्षांत तिने त्या ठिकाणाचा कायापालट केला. १९ फेब्रुवारी १८६८ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, टायफसने ती गेली.

१२/ तारखा पाहा. जोन्स गेली त्यानंतर पंधरा दिवसांनी ऑसबर्न सिडनीत उतरली. जहाजांच्या त्या काळात ही बातमी तिला महिन्या-दोन महिन्यांनी कळली असणार.

१३/ नाइटिंगेलने जोन्सवर 'गुड वर्ड्स' मासिकाच्या जून १८६८च्या अंकात लेख लिहिला. शीर्षक 'यूना अँड द लायन'. लेख हृद्य आहे. तो वाचून कित्येक मुली या व्यवसायाकडे वळल्या असतील. पण त्यातली जोन्स ही हुतात्मा आहे. दमलेली, एकाकी आणि वेळेवर मदत न मिळालेली सहकारी म्हणून ती त्या लेखात फारशी दिसत नाही. या व्यवसायाने पुढची शंभर वर्षे नव्या परिचारिकेपुढे आदर्श ठेवला तो याच साच्यातला, असे माझे मत आहे. हुतात्म्याला सुट्टी लागत नाही, पगारवाढ लागत नाही आणि 'मला हे जमत नाही, जरा दाखवता का?' असे विचारण्याची मुभाही नसते.

१४/ आता पुन्हा सिडनी. तिथले रुग्णालय किडामुंगीने आणि ढेकणांनी भरलेले होते, स्वयंपाकघराची दशा त्याहून वाईट. परिचारिका कोणाच्या हुकमतीखाली, डॉक्टरांच्या की ऑसबर्नच्या, हे कुठेही स्पष्ट लिहिलेले नव्हते. काही डॉक्टरांनी तिच्याशी उघड वैर धरले. सोबत आलेल्या पाचजणींशीही तिचे सूत जुळले नाही. १८७० साली तर तिने बायबलच्या प्रती जाळल्या असा आरोप झाला. त्याची रीतसर चौकशी होऊन ती निर्दोष ठरली.

१५/ या काळात तिचा आधार एकच : नाइटिंगेलला लिहिलेली पत्रे. प्रश्न पाठवावा, तो दोन महिन्यांनी पोहोचावा आणि उत्तर यायला आणखी दोन महिने लागावेत. तोवर वॉर्डातला पेच सुटलेला तरी असे नाहीतर चिघळलेला. त्यात ऑसबर्नचा स्वभाव मोकळा. राजपुत्राच्या प्रसंगाबद्दल तिने एका नातलगाला लिहिलेले गप्पिष्ट पत्र इंग्लंडात हातोहात फिरले आणि नाइटिंगेलची तिच्यावर खप्पा मर्जी झाली. ती पुन्हा पूर्ववत झाली नाही.

१६/ येथे नाइटिंगेलला खलनायिका ठरवण्याचा मोह आवरलेला बरा. ती स्वतः अंथरुणाला खिळलेली होती, सैन्याच्या आरोग्यापासून हिंदुस्थानातल्या सांडपाण्यापर्यंत शेकडो विषयांवर तिची टिपणे चालू होती. पण सत्य एवढेच की, जगातल्या पहिल्या आधुनिक परिचर्या-शाळेने आपल्या मुलींना जगभर पाठवले आणि त्यांच्या पाठीशी उभे राहण्याची व्यवस्था मात्र केली नाही. एका व्यक्तीची पत्रे म्हणजे व्यवस्था नव्हे. ती व्यक्ती रुसली की सारेच संपते.

१७/ सुदैवाने धागा इथे तुटत नाही. १८७१ साली सेंट थॉमस लॅम्बेथच्या नव्या इमारतीत गेले. त्याच सुमारास नाइटिंगेलने शाळेच्या कारभारात प्रथमच खोलवर लक्ष घातले, आणि तिला धक्का बसला. शिकवण्याची जबाबदारी असलेल्या निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याची व्याख्याने होतच नव्हती. मेट्रनबाई रुग्णालयाच्या व्यापात बुडालेल्या. मुलींच्या रोजनिशा वाचणारे कोणी नाही. शाळा सुरू होऊन बारा वर्षे झाली होती!

१८/ तिने केलेल्या दुरुस्त्यांपैकी एक, माझ्या मते, नाइटिंगेलच्या नावे फारशी न सांगितली जाणारी पण मोठी कामगिरी आहे. १८७२ साली तिने 'होम सिस्टर' हे नवे पद निर्माण केले. पहिली नेमणूक एलिझाबेथ टॉरन्स हिची. पुढे १८७५ पासून मेरी क्रॉसलँडने हे पद वीसएक वर्षे सांभाळले.

१९/ होम सिस्टरकडे वॉर्ड नसे. तिचे काम म्हणजे या मुली. दिवसभर वॉर्डात जे पाहिले त्याचा अर्थ संध्याकाळी समजावून देणे, डॉक्टरांच्या व्याख्यानांची उजळणी घेणे, कोण जेवत नाही, कोण रात्री रडते, कोणाला ताप आहे हे पाहणे. नवख्या परिचारिकेला आधार देणे हे कोणाचे तरी पूर्णवेळ, पगारी काम असू शकते ही कल्पना रुग्णालयात शिरली ती या पदामुळे.

२०/ अर्थात नाण्याला दुसरी बाजू होतीच. होम सिस्टर मुलींवर नजरही ठेवी. चालचलणूक, चर्चला जाणे, कोणाशी बोलणे. आधार आणि पाळत यांतली रेघ त्या काळी पुसट होती. आजही नव्या परिचारिकेला 'मार्गदर्शक' म्हणून नेमलेली व्यक्तीच तिचा गोपनीय अहवाल लिहिणार असेल, तर ती आपली चूक तिला सांगेल काय?

२१/ त्याच वर्षापासून नाइटिंगेल शाळेतल्या परिचारिकांना उद्देशून पत्ररूप भाषणे लिहू लागली. शिकणे थांबले की माणूस जागच्या जागी राहत नाही, मागे जाऊ लागतो, असा त्यातल्या पहिल्या भाषणाचा एक सूर आहे. ती एकेकीला घरी चहाला बोलावी, तासभर बोले आणि मागाहून तिच्याबद्दल टिपण करून ठेवी. नव्या जागी रुजू होणारीला फुले जात, आजारी पडलेलीला खाऊच्या टोपल्या. लिव्हरपूल आणि सिडनीचे अनुभव या बदलामागे असावेत असे मानायला जागा आहे.

२२/ येथून शंभर वर्षे पुढे उडी घेऊ. मधल्या काळाबद्दल एकच गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्याशिवाय पुढचे कळणार नाही.

२३/ विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रुग्णालयोरुग्णाली परिचर्या-शाळा निघाल्या. त्या का निघाल्या? फुकटातले मनुष्यबळ मिळते म्हणून. वॉर्ड विद्यार्थिनींच्या जिवावर चालत. शिकून बाहेर पडलेली परिचारिका रुग्णालयाला महाग पडे, म्हणून ती श्रीमंतांच्या घरी खाजगी शुश्रूषेला जाई. १९२३ साली जोझेफिन गोल्डमार्क यांच्या अहवालाने हे उघडपणे मांडले. गंमत अशी की, या शोषणामुळेच नव्या परिचारिकेला वॉर्ड परका वाटत नसे. तीन वर्षे तिने तिथेच हाडे झिजवलेली असत.

२४/ मग सुधारणा झाली. १९४८ साली एस्थर ल्युसिल ब्राउन यांच्या अहवालाने परिचर्येचे शिक्षण विद्यापीठात न्यावे अशी शिफारस केली; १९६५ साली अमेरिकन परिचारिका संघटनेने पदवी शिक्षणाचा पुरस्कार केला. मुलगी आता विद्यार्थिनी झाली, मोलकरीण राहिली नाही. हे योग्यच झाले. पण शाळा आणि वॉर्ड यांच्यामध्ये प्रथमच एक दरी पडली, आणि नव्या पदवीधर त्या दरीत पडू लागल्या.

२५/ या दरीला नाव दिले मार्लीन क्रेमर यांनी. १९७४ सालचे त्यांचे पुस्तक : 'रिअ‍ॅलिटी शॉक'. उपशीर्षकात थेट विचारणा आहे, परिचारिका परिचर्या का सोडतात? परक्या देशात गेलेल्या माणसाला जो 'कल्चर शॉक' बसतो, तोच पदवीधर परिचारिकेला आपल्याच गावातल्या रुग्णालयात बसतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन.

२६/ क्रेमर यांनी या धक्क्याचे टप्पे सांगितले. पहिले काही आठवडे नवलाईचे : गणवेश, पगार, 'सिस्टर' म्हणून मारलेली हाक. मग धक्का : कॉलेजात शिकवले की रुग्णाशी बोला, त्याचे भय समजून घ्या, वॉर्डात विचारतात की दहाची औषधे दिली का आणि नोंदी पुऱ्या का नाहीत. या वेळी सगळे जग आपल्यावर उठले आहे असे वाटते. त्यानंतर हळूहळू विनोदबुद्धी परत येते, तोल सावरतो आणि शेवटी काहीतरी तडजोड होते.

२७/ ती तडजोड कोणती, यावर क्रेमर यांचा खरा भर आहे. कोणी रुग्णालयाची रीत पूर्ण स्वीकारते आणि कॉलेजात शिकलेले विसरून जाते. कोणी परत शिकायला किंवा शिकवायला पळते. कोणी एका रुग्णालयातून दुसऱ्यात फिरत राहते. कोणी व्यवसायच सोडते. थोड्याजणी मात्र दोन्ही संस्कृतींच्या नागरिक होतात. वॉर्डाची बोलीही त्यांना येते आणि शिकलेल्या मूल्यांशी त्या इमानही राखतात. असे होणे नशिबावर सोडू नका, ते शिकवता येते, असे क्रेमर यांचे म्हणणे. त्यासाठी विद्यार्थिनींना या धक्क्याची आधीच कल्पना द्यावी आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यांत समवयस्क नवख्यांना एकत्र बसवून बोलते करावे.

२८/ दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, पॅट्रिशिया बेनर यांचे 'फ्रॉम नोव्हिस टु एक्स्पर्ट' आले. ह्यूबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस या बर्कलीच्या भावांनी वैमानिक आणि बुद्धिबळपटू कौशल्य कसे मिळवतात याचा पाच पायऱ्यांचा नमुना मांडला होता. बेनर यांनी तो परिचारिकांना लावून पाहिला. नव्या आणि अनुभवी परिचारिकांच्या मुलाखती घेतल्या.

२९/ निष्कर्ष वरवर साधा वाटतो. नवी पदवीधर नियमांवर चालते. तिच्यासमोर दहा कामे असतात आणि ती दहाही तिला सारखीच महत्त्वाची दिसतात. अनुभवी परिचारिका दारातून आत येताच म्हणते, 'चार नंबरच्या खाटेकडे आधी बघ.' नाडी ठीक, रक्तदाब ठीक, तरी तिला रुग्णाच्या चेहऱ्यात काहीतरी खटकलेले असते. ही नजर पाठ्यपुस्तकातून येत नाही. एकाच प्रकारच्या रुग्णांमध्ये दोन-तीन वर्षे घालवल्यावर साधी सक्षमता येते, निष्णातपणा त्याच्याही पुढे.

३०/ याचा व्यवस्थेच्या दृष्टीने अर्थ काय? नवशिकीची चूक ही तिच्या हुशारीची किंवा निष्ठेची उणीव नसते, ती पायरीच तशी असते. त्या पायरीवरच्या मुलीला रात्रपाळीत पूर्ण वॉर्ड एकटीला देणे ही रुग्णालयाची चूक आहे. बेनर यांच्या पुस्तकाने माझ्या दृष्टीने केलेले सर्वांत मोठे काम हे : लाज एका खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर ठेवली.

३१/ तरीही व्यवसायाच्या आतला कडवटपणा होताच. १९८६ साली ज्युडिथ माइसनर यांनी एका अमेरिकन परिचर्या मासिकात लेख लिहून विचारले की, आपण आपलीच पिल्ले खातो आहोत काय? हा वाक्प्रचार तेव्हापासून इंग्रजीत रूढ झाला. आपल्याकडच्या सासूच्या न्यायाशी तो जुळतो : मी सोसले, मग तू का नाही? जोन्सच्या हुतात्मेपणाची ही उलटी बाजू आहे. एकटीने सोसणे हाच सद्गुण ठरला की, मदत मागणारी कच्ची ठरते.

३२/ त्यानंतर निरनिराळ्या देशांनी आपापल्या होम सिस्टर नव्याने शोधून काढल्या. ब्रिटनमध्ये 'प्रोजेक्ट २०००'ने शिक्षण कॉलेजांकडे नेले तेव्हा तीच दरी पडली. १९९०च्या दशकात नियामक परिषदेने नव्या परिचारिकेसाठी 'प्रिसेप्टर', म्हणजे ठरावीक मुदतीचा अनुभवी जोडीदार, सुचवला. अमेरिकेत २००२ पासून वर्षभराचे 'नर्स रेसिडेन्सी' उपक्रम सुरू झाले. डॉक्टरांना जे शतकभर मिळत आले ते परिचारिकांना मिळायला इतकी वर्षे लागली. स्कॉटलंडने २००६ साली 'फ्लाइंग स्टार्ट' काढले. जपानने कायदा दुरुस्त करून एप्रिल २०१० पासून नवपदवीधर परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी प्रयत्न करणे हे रुग्णालयांचे कर्तव्य ठरवले.

३३/ कॅनडाच्या ज्युडी बॉयचक डकशर यांनी २००९ मध्ये क्रेमर यांची मांडणी पुढे नेली. धक्का फक्त कामाचा नसतो, तो भावनांचा, शरीराचा, विचारांचा आणि नातेसंबंधांचाही असतो, आणि पहिल्या काही महिन्यांत तो सर्वांत तीव्र असतो, असे त्यांनी दाखवले. झोप बिघडते, घरच्यांशी बोलणे तुटते, सुट्टीच्या दिवशीही मनात वॉर्ड चालू राहतो. ज्यांच्या घरात कोणी परिचारिका आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

३४/ आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या सेवासदनाची स्थापना १९०९ची. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी ते वाढवले. सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिका आणि सुईणीच्या शिक्षणासाठी स्त्रिया पाठवल्या. त्यांत विधवाही होत्या. परक्या पुरुषाच्या, परजातीच्या देहाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचे! त्या काळच्या पुण्यात याचा अर्थ काय होता हे वेगळे सांगायला नको.

३५/ म्हणून सेवासदनाने निव्वळ प्रवेश मिळवून देऊन हात झटकले नाहीत. या स्त्रियांसाठी वसतिगृह चालवले. पाळी संपवून आलेल्या बाईला जिथे कोणी तोंड वेंगाडणार नाही, जिथे तिच्यासारख्याच आणखी काहीजणी असतील, अशी जागा. क्रेमर यांनी ज्याला समवयस्कांचा आधार म्हटले तो इथे साठ वर्षे आधी, कोणत्याही सिद्धान्तावाचून, निव्वळ गरजेपोटी उभा राहिला होता. रमाबाईंचे चरित्र आपण पुष्कळ वाचतो. हे वसतिगृह त्यात दोन ओळींत उरकले जाते.

३६/ १९४६च्या भोर समितीने देशातल्या परिचारिकांची संख्या सुमारे सात हजार सांगितली. त्रेचाळीस हजार लोकांमागे एक! समितीने त्यांच्या निवासाची आणि कामाच्या परिस्थितीची दैनाही नोंदवली. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवी शिक्षण सुरू झाले आणि १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. पात्रता, अभ्यासक्रम, नोंदणी यांची चौकट तयार झाली. नोंदणीनंतरच्या पहिल्या वर्षाचे काय, हा रकाना मात्र कोराच राहिला.

३७/ कोऱ्या जागेत बॉण्ड शिरला. अनेक खाजगी रुग्णालयांनी नव्या परिचारिकेकडून ठरावीक वर्षे नोकरीचे बंधपत्र लिहून घ्यायचे, मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवायची आणि सोडून जायचे तर रक्कम भरायला लावायची अशी रीत पाडली. २०११-१२ मध्ये मुंबई, दिल्ली आणि केरळातल्या परिचारिकांनी संप केले तेव्हा पगाराच्या बरोबरीने 'आमची प्रमाणपत्रे परत द्या' ही मागणी होती.

३८/ १८६०च्या करारातली बांधिलकी आणि ही बांधिलकी यांत एक फरक आहे. नाइटिंगेल फंडाने मुलीला बांधून घेतले ते तिच्या शिक्षणाचा खर्च स्वतः करून. इथे लाखभर कर्ज काढून जी.एन.एम. झालेली मुलगी पुन्हा बांधली जाते. गेल्या वर्षी माझ्या परिचयातली एक मुलगी एका रुग्णालयात रुजू झाली. तिसऱ्या दिवशी रात्रपाळी, हाताखाली एक मावशी, समोर सव्वीस खाटा. तिला मी बेनर यांच्या पाच पायऱ्या समजावून सांगत होतो. ती हसून म्हणाली, 'दादा, पायऱ्या ठीक आहेत, पण जिन्यात दिवा तर हवा ना!'

३९/ तिला त्या रात्री दिवा मिळाला तो लेखी व्यवस्थेतून नव्हे. शेजारच्या वॉर्डातली, निवृत्तीला आलेली एक सिस्टर दर तासाला चक्कर मारून जाई. कोणी सांगितले नव्हते. पाळीच्या शेवटी तिने नोंदवही तपासली, दोन नोंदी दुरुस्त करायला लावल्या आणि पिशवीतून चहाचा थर्मास काढला.

४०/ आणि ऑसबर्न? १८७३च्या राजकीय आयोगाने सिडनीच्या रुग्णालयाच्या कारभारावर ताशेरे ओढले आणि तिची बाजू उचलून धरली. ती आणखी अकरा वर्षे तिथे टिकली. तिच्या हाताखाली तयार झालेल्या परिचारिका वसाहतीतल्या इतर रुग्णालयांत गेल्या. १८८४ साली ती इंग्लंडला परतली.

४१/ परतल्यावर तिने मोठ्या रुग्णालयाची गादी धरली नाही. लंडनच्या गरीब वस्तीत घरोघर जाऊन आजाऱ्यांची सेवा करणारी परिचारिका म्हणून तिने काम घेतले. १८८८ मध्ये ती साउथवर्क, न्यूइंग्टन आणि वॉलवर्थ या दक्षिण लंडनच्या भागांतील जिल्हा परिचारिका संस्थेची अधीक्षक झाली. म्हणजे एकेकटीने अनोळखी घरांत शिरणाऱ्या परिचारिका आता तिच्या देखरेखीखाली होत्या. तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, मधुमेहाने तिचा अंत झाला.